शेततळ्यातलं दुसरं पीक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते शाळा सुटल्यावर मुलांना बांधावर घेऊन जात, असं मला आयोजकांनी सांगितलं. म्हणून आजचा विषयही बांधावरचाच घेतला आहे. जालना जिल्ह्यातल्या मुलामुलींना मत्स्यशेतीची ओळख कशी करून द्यावी आणि सुरुवातीला ती किती लहान ठेवावी, याबद्दल मला बोलायचं आहे. माझी उमेदीची वर्षं मत्स्यपालनाचं प्रशिक्षण देण्यात गेली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. पहिल्या वर्षी तरुणाच्या हातात एकच तळं, थोडं बीज आणि सोसेल एवढाच खर्च द्यावा, आणि त्यानं त्या वर्षात पाणी ओळखायला शिकावं. कर्ज, अनुदान, टाक्या, शेड हे सगळं त्यानंतर.

वर्षाला जेमतेम साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पावसाचा हा जिल्हा. २०१२-१३च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, लोकांनी सरपणासाठी झाडं तोडली. अशा जिल्ह्यात येऊन ही बाई मासे पाळा म्हणते, असं तुमच्यातल्या कुणाला वाटलं तर त्यात चूक नाही. पण अशाच दुष्काळांनी इथल्या माणसाला पाणी साठवायला लावलं. कडवंचीत नव्वदच्या दशकातच पाणलोटाचं काम उभं राहिलं होतं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि कृषितज्ज्ञ विजयअण्णा बोराडे यांची त्यामागे मेहनत होती. आज त्या एका गावाच्या शिवारात शेकडो शेततळी आहेत आणि त्यांच्यावर द्राक्षबागा उभ्या आहेत. पुढे २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. राष्ट्रीय फलोत्पादन अभियानातून सामूहिक शेततळी आणि प्लॅस्टिकचं अस्तर मिळू लागलं. आता जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, कुठल्याही रस्त्यानं निघा, काळ्या-निळ्या कागदाची तळी दिसतातच.

हे पाणी बागेसाठी साठवलेलं असतं आणि ते बागेलाच जायला हवं. मासा पाणी पिऊन संपवत नाही. तो त्यात राहतो, त्यातलं शेवाळ आणि सूक्ष्म जीव खातो, आणि त्याच्या विष्ठेनं पाण्यात आलेला नत्र ठिबकवाटे मोसंबीच्या मुळाशी पोचतो. फक्त ठिबकचा फिल्टर नेहमीपेक्षा जास्त वेळा धुवावा लागतो, एवढं आधीच सांगून ठेवते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपली बरीच तळी पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरत नाहीत, विहिरी-बोअरवर पंप लावून भरली जातात. जमिनीखाली सुरक्षित असलेलं, शेजाऱ्याच्याही वाट्याचं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, आणि वर्षभरात त्यातलं दीड मीटरहून जास्त वाफ होऊन जाऊ द्यायचं. ही टीका अभ्यासकांनी केलेली आहे आणि ती बरोबर आहे. म्हणून माझ्या वर्गातला पहिला नियम असा, की माशांसाठी नवं तळं खोदायचं नाही आणि माशांसाठी विहिरीचं पाणी उपसायचं नाही. जे तळं बागेसाठी भरलेलंच आहे, त्यात दुसरं पीक घ्यायचं. हे ज्याला मान्य नाही त्यानं दुसरा धंदा बघावा.

आता माशांकडे येऊ. आपण पाळतो ते मुख्यत्वे तीन मासे, कटला, रोहू आणि मृगळ. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळाचं तोंड खालच्या बाजूला, तो तळाशी चरतो. तिघांची पंगत वेगवेगळ्या थरात, त्यामुळे एकमेकांच्या ताटात हात जात नाही. नेहमीचं प्रमाण शंभरात चाळीस कटला, तीस रोहू, तीस मृगळ असं सांगतात. पण ते मातीच्या तळ्याचं. आपल्या कागदाच्या तळ्यात तळाशी चिखल नसतो, म्हणून तिथे मृगळ कमी करावा आणि रोहू वाढवावा. पुस्तकातलं प्रमाण आपल्या तळ्याला जसंच्या तसं लागू पडत नाही, ही मुलांना मिळणारी पहिली शिकवण.

हे तीन मासे साचलेल्या पाण्यात आपण होऊन अंडी घालत नाहीत. त्यांना वाहत्या नदीचा पूर लागतो. त्यामुळे पूर्वी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पुरातून जाळ्यानं बीज गोळा करायचे, आणि त्यात कुठला मासा किती निघेल याचा भरवसा नसे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. अलिकुन्ही यांनी माशाच्या मेंदूखालच्या पियुष ग्रंथीचा अर्क टोचून या जातींची बंदिस्त जागेत पैदास करून दाखवली. म्हणूनच १० जुलै हा देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. आज भारत माशांच्या शेतीत जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. २०२२-२३ साली देशात सुमारे १७५ लाख टन मासे निघाले आणि त्यातले तीन चतुर्थांश समुद्राबाहेरचे होते. त्यातल्या मत्स्यशेतीचा बराचसा डोलारा त्या एका सुईवर उभा आहे. आमच्या वर्गात मुलं हे ऐकतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला फार आवडतं. शोध म्हणजे फक्त परदेशात लागणारी गोष्ट नव्हे, हे त्यांना तिथे कळतं.

बीज म्हटलं की जालन्याला वेगळं सांगावं लागत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली याच शहरात महिको ही बियाणं कंपनी सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यानंतर सात वर्षांनी, २००५ साली, तोच पुरस्कार आंध्रातल्या बापटला इथे जन्मलेल्या डॉ. मोदडुगू विजय गुप्ता यांना मिळाला, तो मत्स्यशेतीसाठी. गुप्तांचं काम आपल्या फार कामाचं आहे. बांगलादेशात त्यांनी मोठे तलाव शोधले नाहीत. घरामागचे खड्डे, रस्त्याकडेची डबकी, वर्षातून चार-सहा महिनेच पाणी टिकणारी तळी त्यांनी हाती घेतली. लवकर वाढणाऱ्या जाती निवडल्या, भुसा आणि शेण वापरायला लावलं, आणि घरातल्या बायकांना हे काम शिकवलं. पाणी वर्षभर टिकत नाही ही ज्याला आपण अडचण म्हणतो, तिच्यापासूनच त्यांनी सुरुवात केली.

आपल्याकडेही कितीतरी तळ्यांना अस्तर नाही. मुरमात पाणी झिरपतं आणि डिसेंबर-जानेवारीत तळ दिसतो. अशा तळ्यात खाण्याजोगा मोठा मासा तयार होणार नाही. पण बोटुकली नक्की होते. जुलैमध्ये जिऱ्याएवढं किंवा त्याहून थोडं मोठं बीज आणायचं, दोन-तीन महिने दाटीनं वाढवायचं, आणि बोटाएवढं झालं की ज्यांची तळी अस्तराची आहेत त्यांना विकायचं. याला जागा कमी लागते, खाद्य कमी लागतं आणि पैसा लवकर मोकळा होतो. आंध्रातले शेतकरी याच्याही पुढे जातात. ते बोटुकली वर्षभर दाटीत, अर्धपोटी ठेवतात, आणि मग मोठ्या तळ्यात मोकळी सोडतात. ती झपाट्यानं वाढते. पाणी आठ महिनेच हाताशी असणाऱ्या आपल्या मुलखाला अशी थांबवून ठेवलेली बोटुकलीच हवी. ज्या जिल्ह्यानं देशाला बियाणं पुरवलं, त्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यानं माशाच्या बोटुकलीसाठी दुसऱ्या जिल्ह्याच्या गाडीची वाट बघत बसावं, हे मला खटकतं. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी मत्स्यबीज केंद्र आहे, जिऱ्याएवढं बीज जवळ मिळू शकतं. मधलं काम करायला तालुक्या-तालुक्यात दहा-पंधरा शिकलेली पोरं हवीत.

बीज सोडायचा दिवस मी नेहमी जवळून दाखवते, कारण निम्मं नुकसान त्या अर्ध्या तासात होतं. प्राणवायू भरलेल्या पिशव्या गाडीतून येतात, मुलं उत्साहानं तोंड सोडतात आणि सगळं बीज तळ्यात ओततात. संध्याकाळी काठावर पांढरी पोटं तरंगतात. पिशवीतलं पाणी आणि तळ्यातलं पाणी यांच्या तापमानातला फरक त्या जिवाला सोसत नाही. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं तळ्यात तरंगू द्यायची. मग तोंड उघडून तळ्याचं पाणी ओंजळीनं आत घालायचं, थोडं थांबून पुन्हा घालायचं. नंतर पिशवी आडवी करून धरायची. आतली पिल्लं आपली आपण बाहेर निघतात, आधी दोन-चार, मग रांगच लागते. तोवर हात हलवायचा नाही. हे काम सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करायचं.

दुसरी सवय पहाटेची. दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेच तो वापरतं. म्हणून सूर्य उगवायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्या वेळी मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, आणि काठावर पाय आपटला तरी खाली गेले नाहीत, की समजायचं, जीव कोंडतो आहे. ताबडतोब पंप लावून त्याच तळ्याचं पाणी उंचावरून त्याच तळ्यात पाडायचं आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवायचं. पाणी फार हिरवं झालं आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. कोपर बुडायच्या आधीच तळवा दिसेनासा झाला तर शेण-खत थांबवायचं. कोपर बुडल्यावरही तळहाताच्या रेषा दिसत असतील तर माशाला पाण्यात खायला काही नाही. आपल्या गावची पोरं पोलिस भरतीसाठी पहाटे चार वाजता डांबरी रस्त्यावर धावतात. ज्यांना तेवढं उठता येतं, त्यांना ही नजर सहज येईल.

हिशेब उघड सांगितला पाहिजे, कारण या विषयात सगळ्यात जास्त फसवणूक हिशेबाची होते. तीस मीटर बाय तीस मीटरचं तळं म्हणजे सुमारे नऊ गुंठे. त्यात पाचशे बोटुकली सोडा. शंभरातली सत्तर-ऐंशी जगली आणि सात-आठ महिन्यांत सरासरी अर्धा किलोची झाली, तर पावणेदोनशे ते दोनशे किलो मासा निघतो. तळ्यावरचा भाव किलोला १२० रुपये धरला तर एकवीस ते चोवीस हजार रुपये. त्यातून भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड यांचे दहा हजार, बोटुकली आणि तिच्या वाहतुकीचे अडीच-तीन हजार, चुना, जाळं, मजुरी यांचे आणखी अडीच-तीन हजार वजा करा. हातात राहतात सहा ते आठ हजार. यावर कुणाचं लग्न ठरणार नाही की कुणाचं घर चालणार नाही. पण बागेच्या पाण्यात, बागेचं काहीही न बिघडवता, बावीस वर्षांच्या मुलानं स्वतःच्या हातानं मिळवलेले हे पैसे असतात. पुढच्या वर्षी वीस तळ्यांचा गट करायचा का, हे ठरवायचा अधिकार त्याला या एका हंगामानं मिळतो.

याउलट मी बघितलंय ते असं. मोबाइलवर बायोफ्लॉकचा, म्हणजे टाकीत दाटीनं मासे वाढवण्याच्या तंत्राचा व्हिडिओ, गोल टाकी, काळंभोर पाणी, दाटीनं उड्या मारणारे मासे आणि लाखांचे आकडे. दोन दिवसांचं प्रशिक्षण, आणि मग टाक्या. बायोफ्लॉक हे तंत्र खोटं नाही, पण त्यात हवेचा पंप रात्रंदिवस चालावा लागतो आणि अमोनिया रोज मोजावा लागतो. वीज काही तास गेली आणि जनरेटर नसला तर टाकीतला एकही मासा उरत नाही. ज्या गावात शेतीची वीज रात्रीच्या पाळीत येते, तिथल्या नवख्या मुलाला पहिलं पाऊल म्हणून हे देणं मला निर्दयपणाचं वाटतं. २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला चाळीस टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के साहाय्य आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. दरवाजे उघडले आहेत, हे चांगलंच झालं. पण चाळीस टक्के अनुदान म्हणजे साठ टक्के आपलं, हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते.

मग विकायचं कुठे? या जिल्ह्यानं एक धडा नुकताच गिरवला आहे. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. त्याआधी इथले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरपर्यंत जात. बाजार दारात आल्यावर तुती लावणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला. माशाला तेवढ्या मोठ्या बाजाराचीही गरज नाही, कारण ताजा मासा गावातच खपतो. आपल्या आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील कोकणातून येतात, आणि बर्फातला रोहू-कटला आंध्रातून. कोल्लेरू सरोवराच्या काठचा तो मासा गोदावरीच्या मुखाजवळ वाढतो आणि गोदावरीच्या वरच्या अंगाला असलेल्या आपल्या ताटात येतो. येईपर्यंत त्याला काही दिवस झालेले असतात. त्याच्यासमोर तळ्यावर उड्या मारणारा मासा ठेवला तर भाव आपण सांगू तो. यासाठी एकच पथ्य, सगळं तळं एका दिवशी काढायचं नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी वीस-पंचवीस किलो काढायचा, तोही मोठा बघून. उरलेल्याला वाढायला जागा होते. तळ्यातलं पाणी मीटर-सव्वा मीटरवर आलं की मात्र थांबायचं नाही, राहिलेला सगळा काढायचा. मार्चनंतर तळं बागेचं.

मासे काढायची वेळ आली की शेतकऱ्याचा मुलगा भोई वस्तीवर निरोप धाडतो, मजुरी विचारतो आणि काम झालं की हिशेब चुकता करतो. हे मला अपुरं वाटतं. पाणी, जाळं आणि मासा यांचं या मुलखातलं ज्ञान पिढ्यानपिढ्या भोई समाजानं सांभाळलं. बाराव्या शतकातल्या, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती आणि त्यांना घालायची आमिषं यांचं वर्णन आहे. राजानं लिहिलं खरं, पण ती माहिती त्याला पुरवणारी माणसं नदीकाठचीच असणार. आज शेततळी शेतकऱ्याच्या मालकीची आणि जाळ्याची विद्या भोयाच्या घरात, अशी फाळणी झाली आहे. माझी विनंती अशी, की गावात प्रशिक्षण ठेवलं तर शिकवणाऱ्यांत भोई समाजाची जाणती माणसं मानधन देऊन बसवा, आणि गटात त्यांची मुलं भागीदार म्हणून घ्या. मोठ्या तलावांचे ठेके मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. त्यांच्या पोटावर पाय न देता शेततळ्यांचं काम वाढवता येतं.

आणखी एक अडचण घरातलीच असते. अनेक घरांत गळ्यात तुळशीची माळ आहे. मुलाला हे काम आवडतं आणि वडील म्हणतात, आपल्या घरात जीवहत्या नको. मी अशा वडिलांशी वाद घालत नाही. त्यांचं म्हणणं मनापासूनचं असतं. अशा घरातल्या मुलांसाठी दुसऱ्या वाटा आहेत. गोल्डफिश, कोई यांसारखे शोभेचे मासे वाढवता येतात. आणि सगळ्यांत सोपी सुरुवात म्हणजे गप्पी मासा. आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी गप्पी मासे पाळतो, प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांची पैदास टाकी असते. शाळेनं तिथून मूठभर गप्पी आणावेत, सिमेंटच्या एका हौदात सोडावेत. हा मासा अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देतो. सातवी-आठवीच्या मुलांनी महिनाभर त्यांची गणती ठेवली, पाणी कधी बदललं, किती मेले, का मेले, हे वहीत लिहिलं, तर मत्स्यशेतीचे निम्मे धडे तिथेच होतात आणि गावातले डासही कमी होतात. ज्या मुलीला यात गोडी वाटेल तिला बारावी विज्ञाननंतर उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयाचं दार माहीत असलं पाहिजे. लातूर जिल्ह्यातलं, म्हणजे मराठवाड्यातलंच ते महाविद्यालय आहे. डॉक्टर-इंजिनिअरच्या पलीकडे अशी पदवी असते हे आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत कुणी सांगतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

एक काम मात्र बीज आणण्याच्याही आधीचं आहे, आणि ते झाल्याशिवाय मी कुणाच्याही तळ्यावर वर्ग घेत नाही. अस्तराच्या तळ्याचा उतार शेवाळानं निसरडा झालेला असतो. पाय घसरून आत गेलेल्या माणसाला, मग तो पोहणारा असला तरी, धरायला काही मिळत नाही. दर उन्हाळ्यात मराठवाड्यातून शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि एकाला काढायला गेलेला दुसराही जातो. मासे सोडल्यावर रोज दोनदा काठावर जावं लागणार, लहान भावंडं मागे येणार. म्हणून तळ्याला तारेचं कुंपण आणि कुलपाचं फाटक हवं. चारही बाजूंना लोखंडी खुंटाला बांधलेला, हातभर अंतरावर गाठी मारलेला जाड दोर पाण्याच्या तळापर्यंत सोडलेला हवा. एका कोपऱ्यात हवा भरलेली टायरची ट्यूब दोरासकट टांगलेली हवी, आणि दर महिन्याला तिची हवा तपासायची. खाद्य टाकायला एकट्यानं जायचं नाही. विश्वस्तांनी मघाशी विचारलं, की व्याख्यानमालेच्या निधीतून तरुणांच्या गटांना बीजासाठी मदत द्यावी का. जरूर द्यावी. पण त्या मदतीतले पहिले पैसे दोर, ट्यूब आणि फाटकासाठी द्यावेत, आणि कुणीतरी स्वतः जाऊन ते बसवलेले पाहून आल्यावरच बोटुकलीची मागणी नोंदवावी.